मेजाची खालची बाजू

माझे वडील सुतार आहेत. कोणाच्याही घरीं गेले आणि तेथें नवें मेज दिसलें, कीं ते प्रथम त्याच्या चकाकणाऱ्या पृष्ठभागाकडे पाहत नाहींत. ते त्याचा खण बाहेर ओढतात, पुन्हां आंत ढकलतात, आणि मग घरच्या माणसांची नजर चुकवून मेजाच्या खालच्या बाजूनें हात फिरवितात. जेथें कोणी पाहत नाहीं, जेथें पॉलिश पोंचत नाहीं, तेथें बोटाला कुसळ लागलें कीं त्यांचा निकाल झाला. "वरून साजरं आहे," एवढेंच ते बाहेर पडल्यावर म्हणतात. आणि त्या तीन शब्दांत त्या मेजाची सारी पत निघून जाते.

लहानपणीं मला त्यांच्या या संवयीची लाज वाटे. आज मी याच शाळेंत संगणक शिकवितों, आणि गेल्या नाताळच्या सुटींत त्या संवयीनेंच मला माझ्या विषयांतील एक धडा शिकविला. तो विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्याही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहें.

प्रसंग असा घडला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय व ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या संगणक-कक्षांतील सहा जुन्या यंत्रांत तें कांहीं नव्हतें. यंत्रें चालत होतीं, कळफलक शाबूत होते, पडदे स्वच्छ होते. पण त्यांचें भवितव्य भंगारवाल्याच्या तराजूंत ठरणार असें दिसूं लागलें. तेव्हां मुख्याध्यापिका सिस्टरांची परवानगी घेऊन मीं त्यांवर लिनक्स घालण्याचें ठरविलें. लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली आहे; म्हणजे तिची मूळ आज्ञावली कोणासही वाचतां येते, बदलतां येते व इतरांस देतां येते. सहांपैकीं एक यंत्र, त्याची किंमत शाळेंत भरून, मीं वडिलांसाठीं घरीं नेलें. वयामुळें त्यांच्या हातून आतां रंधा फारसा चालत नाहीं. पण सागवानाच्या घनफुटांचे हिशेब, मापें, गिऱ्हाइकांस द्यावयाचीं अंदाजपत्रकें हीं कामें ते अजून करितात. वहींतील बारीक आंकडे पडद्यावर मोठे दिसले तर त्यांच्या डोळ्यांस बरें, असा माझा विचार होता.

येथें एक गोष्ट उलगडून सांगितली पाहिजे. विंडोजमध्यें पडद्यावर जें रूप दिसतें तें एकच, कंपनीनें ठरविलेलें. लिनक्समध्यें तसें नाहीं. यंत्राचा कारभार पाहणारा भाग निराळा, आणि माणसाच्या डोळ्यांपुढें व हाताखालीं येणारा भाग निराळा. खिडक्या, पट्ट्या, चिन्हें, याद्या, घड्याळ, फाइली ठेवण्याचे कप्पे हें सर्व ज्या दुसऱ्या भागांत येतें, त्यास 'डेस्कटॉप' म्हणतात. म्हणजे शब्दशः मेजाचा पृष्ठभागच. आणि हीं मेजें एक नाहीं, अनेक आहेत : ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, माटे, एलएक्सक्यूटी. यंत्र तेंच, काम तेंच. मेज मात्र ज्यानें त्यानें आपल्या आवडीचें घ्यावें.

वडिलांसाठीं मीं जें मेज सिद्ध केलें, त्यांत त्यांच्या गरजेपेक्षां माझी हौस अधिक होती. मूळची साधी पट्टी काढून तिच्या जागीं मीं एक शोभेची पट्टी बसविली. माउस जवळ गेला कीं तिच्यावरील चिन्हें फुगून मोठीं होत. खिडक्या अर्धपारदर्शक केल्या. मागें ताडोब्याच्या वाघाचें चित्र लावलें. शेजाऱ्यांनीं येऊन वाहवा केली. वडील थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "साजरं आहे." तेव्हांच मला ओळखावयास हवें होतें!

पंधरा दिवसांनीं पाहतों तों यंत्रावर एक जुना पंचा झांकलेला, आणि हिशेब पुन्हां वहींत. विचारलें तर ते बोलेनात. शेवटीं आईनें सांगितलें, कीं एके दुपारीं त्यांच्या हातून कांहीं तरी दाबलें गेलें आणि खालची पट्टीच नाहीशी झाली. त्यानंतर त्यांनीं यंत्रास हात लावला नव्हता. मीं पुन्हां विचारलें, तेव्हां खालीं पाहत ते म्हणाले, "माह्या हातून मोडलं वाटते थे. तुले सांगू कसं?"

यंत्र मोडलें नव्हतें. दोन मिनिटांत पट्टी परत आणतां येत होती, आणि मीं ती आणलीही. पण ज्या माणसानें उभ्या आयुष्यांत दुसऱ्याची वस्तु कधीं मोडली नाहीं, तो पंधरा दिवस स्वतःच्या मुलापुढें अपराध्यासारखा वावरला; तें मला परत आणतां येण्यासारखें नव्हतें. दोष कोणत्या डेस्कटॉपचा नव्हता. वरून साजरें दिसणारें आणि खालीं कुसळें असलेलें मेज मींच त्यांच्यापुढें ठेविलें होतें.

या खेदानेंच मी नाताळच्या सुटींत शाळेंत बसून राहिलेल्या पांच यंत्रांकडे वळलों. चार यंत्रांवर चार डेस्कटॉप जसे बनविणाऱ्यांनीं दिले तसेच, सजावट न करितां घातले; पांचवें अडीअडचणीसाठीं ठेविलें. मग वडिलांस बोलाविलें. एका विद्यार्थ्याच्या आईस बोलाविलें. त्या शिवणकाम करितात व त्यांनीं विंडोजवर थोडें काम केलेलें आहे. सातवींतील दोन मुलेंही आलीं. त्यांना मोबाइल फोन उत्तम येतो, संगणक बेताचाच. प्रत्येकास पांच कामें दिलीं : हिशेबाची फाइल उघडणें, त्यांतील एक आंकडा बदलून ती साठविणें, ती खिडकी बाजूस ठेवून दुसरें काम उघडणें व परत पहिल्याकडे येणें, पेनड्राइव्ह लावून फाइल त्यांत घालणें, आणि यंत्र बंद करणें. माझ्यासाठीं एकच नियम होता : हात पाठीमागें, तोंड बंद. "परीक्षा मेजाची आहे, तुमची नव्हे," हें मीं सर्वांस आधींच सांगितलें. वाचकहो, गुरुजींस अर्धा तास गप्प बसणें किती कठीण जातें, याची तुम्हांस कल्पना यावयाची नाहीं!

पहिल्या यंत्रावर ग्नोम होता. आरंभीं कामांच्या चिन्हांची रांग दिसते, तोंपर्यंत ठीक चाललें; पण फाइल मिटतांच वर एक काळी बारीक पट्टी, तिच्या मध्यें घड्याळ, आणि बाकी सारें मोकळें. वडील मांडीवर हात ठेवून बसून राहिले. "आतां कोणी बोलावते काय?" त्यांनीं विचारलें. वाट वरच्या डाव्या कोपऱ्यांतून होती. तेथें पूर्वीं इंग्रजींत तरी एक शब्द लिहिलेला असे. २०२३ सालच्या ४५ व्या आवृत्तीपासून तेथें केवळ एक लहानशी रेघ व ठिपके आहेत. ज्यास ठाऊक आहे त्यास तें पुरतें. ज्यास ठाऊक नाहीं त्यास रेघ काय सांगणार? शिवणकाम करणाऱ्या बाईंची अडचण निराळी. खिडकी क्षणभर बाजूस ठेवण्याचें बटण त्या शोधीत राहिल्या; ग्नोममध्यें मुळांत खिडकीवर मिटण्याची फुली तेवढी असते. मुलांस मात्र यांतलें कांहींच नडलें नाहीं. मोबाइलवर जसें बोट सरकवितात तसें करून त्यांनीं सर्व कामें हसत हसत उरकलीं. आणि न्यायानें बोलावयाचें तर सफाई येथेंच सर्वांत अधिक दिसली. प्रत्येक खिडकीचें डोकें एका मापाचें, प्रत्येक अंतर मोजून घेतल्यासारखें, कोठें एक अक्षर वांकडें नाहीं. मिशनच्या पाहुण्यांच्या खोलींत जसें एक खाट, एक मेज, स्वच्छ चादर, आणि भिंतीवर खिळा ठोकण्यास मनाई, तसें हें घर. राहणाऱ्यानें त्या शिस्तींत बसावें; बसला तर सुख आहे.

दुसऱ्या यंत्रावर प्लाझ्मा होता. येथें खालीं पट्टी, डाव्या कोपऱ्यांत सर्व कामांची यादी, उजवीकडे घड्याळ. विंडोजची संवय असलेल्यास हें सारें ओळखीचें. हा आठवडी बाजार आहे. जें मागाल तें मिळतें. अक्षरें मोठीं करा, पट्टी वर न्या, रंग बदला, फाइल एका टिचकीनें उघडावी कीं दोन टिचक्यांनीं हेंही ठरवा. केडीईमध्यें वर्षानुवर्षें एका टिचकीची रीत होती. फेब्रुवारी २०२४ मध्यें निघालेल्या प्लाझ्मा ६ पासून दोन टिचक्यांची रीत मूळ धरली आहे. ज्याच्या बोटांस कंप आहे त्यास लागोपाठ दोन टिचक्या जमत नाहींत, म्हणून अशी निवड असणें ही लहान गोष्ट नव्हे. पण बाजारांत गेलेलें मूल मीठ आणावयाचें विसरून खेळण्यांपुढें उभें राहतें. सातवींतल्या एका मुलानें दहा मिनिटें खिडक्यांचे रंग बदलण्यांत घालविलीं, आणि हिशेबाची फाइल उघडावयाची राहूनच गेली. मला स्वतःला हें मेज सर्वांत आवडतें. आतां समजतें, कीं तें मीं वर्षानुवर्षें माझ्या हातास बसवून घेतलेलें आहे, म्हणून आवडतें.

तिसऱ्यावर एक्सएफसीई होता. ऑलिव्हिए फूर्दां या फ्रेंच गृहस्थांनीं तो १९९६ मध्यें आरंभिला. त्याची चाल धीमी आहे. ४.१२ ही आवृत्ति २०१५ मध्यें निघाली आणि ४.१४ ही २०१९ मध्यें; मध्यें चार वर्षांहून अधिक काळ लोटला. दिसण्यांत तो किंचित् जुनाट. चिन्हें व अक्षरें यांत ग्नोमची बांधेसूद एकता नाहीं. पण चार गिगाबाइट स्मृतीच्या त्या म्हाताऱ्या यंत्रावर तो सर्वांत चपळ चालला, आणि एकदां जेथें ठेवलें तेथेंच सर्व सांपडलें. त्याचें एक कुसळ आम्हांस लगेच लागलें : कांहीं सजावटींत खिडकीची कड इतकी बारीक असते, कीं ती ओढून खिडकी मोठी करूं गेलें तर माउस निसटतो. ऑल्ट कळ दाबून, माउसची उजवी कळ धरून खिडकीच्या आंतूनच ती ओढतां येते. परंतु हें सांगावें लागतें, आणि जें सांगावें लागतें तें सुलभ नव्हे. वडिलांचा अभिप्राय थोडक्यांत होता : "जुनी खुर्ची आहे, पण डुगडुगत नाहीं."

चौथ्या यंत्रावर सिनॅमन होता. लिनक्स मिंटच्या मंडळींनीं तो २०११ मध्यें काढला, कारण त्या वर्षीं ग्नोमनें घेतलेलें नवें वळण त्यांच्या वापरणाऱ्यांस रुचलें नाहीं. बाजाराचा गजबजाट नाहीं आणि पाहुण्यांच्या खोलीचा कडक नियमही नाहीं, असें हें मध्यम घर. शिवणकाम करणाऱ्या बाईंनीं येथें पांचही कामें कोणासही न विचारतां पुरीं केलीं, आणि उठतांना म्हणाल्या, "यांत नवीन काय होतें, सर?" मला वाटतें, मेजाची याहून मोठी स्तुति होणार नाहीं.

माझ्या मतें परीक्षा येथें संपली होती. वडिलांच्या मतें ती आतां सुरू होत होती. "थांब," ते म्हणाले, आणि पुन्हां पहिल्या यंत्रापुढें जाऊन बसले. मग त्यांनीं जें केलें तें पाहून मी थक्क झालों. ते मुद्दाम चुकूं लागले. पट्टीवर माउसची उजवी कळ दाबून जी यादी येईल तिच्यांतील 'काढा' अशा अर्थाचा शब्द ते मला विचारून घेत आणि त्यावर टिचकी मारीत. मेजाच्या खालच्या बाजूनें ते हात फिरवीत होते!

आणि खालची बाजू प्रत्येकाची निराळी निघाली. ग्नोमची वरची पट्टी कांहीं केल्या निघेना. तेथें सहजासहजीं मोडण्यासारखें कांहीं ठेविलेलेंच नाहीं. एक्सएफसीईनें पट्टीवरील वस्तु काढण्यापूर्वीं, खरोखर काढावयाची काय, असें विचारलें. शिवाय त्याची पट्टी जागच्या जागीं कुलूपबंद करून ठेवतां येते. प्लाझ्मानें काढूं दिलें, पण लागलीच एका कोपऱ्यांत सूचना दाखविली, कीं वस्तु काढली आहे, परत हवी असल्यास येथें टिचकी मारा. कोणी मोडूं देत नाहीं, कोणी आधीं विचारतो, कोणी मागाहून परतीची वाट दाखवितो : चुकलेल्या माणसाशीं वागण्याच्या या तीन रीती झाल्या, आणि तिन्हींत सौजन्य आहे. प्लाझ्माची सूचना कांहीं वेळानें आपोआप मिटते, तेव्हां सावकाश वाचणाऱ्याची तेवढी तारांबळ होते. मीं बसविलेल्या शोभेच्या पट्टींत या तिन्हींपैकीं एकही रीत नव्हती.

त्या दुपारीं मला उमगलें तें असें. सफाई म्हणजे चकाकी नव्हे. सर्व कांहीं बरोबर चाललें असतांना तर कोणतेंही मेज चांगलेंच वाटतें. हात चुकला असतां तें बोचतें कीं नाहीं, आणि चुकणाऱ्यास लाज न वाटूं देतां पूर्वपदावर आणतें कीं नाहीं, यांत त्याची खरी सफाई आहे. लाखेचें पॉलिश शेवटीं एका दिवसांत होतें. त्याआधीं काचकागदानें घासण्यास चार दिवस जातात, आणि ते चार दिवस कोणाच्या डोळ्यांत भरत नाहींत.

हा धडा मुक्तस्रोताच्या कारागिरांनाही ठेंचा खातच शिकावा लागला आहे. १४ ऑक्टोबर १९९६ रोजीं मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्यानें केडीईची घोषणा केली. (बरोबर एकोणतीस वर्षांनीं त्याच तारखेस विंडोज १० चा आधार संपला, हा एक योगायोग.) त्याची तक्रार हीच होती, कीं निरनिराळ्या लोकांनीं केलेलीं कामें एका पडद्यावर येतात खरीं, पण कोणाचें रूप कोणाशीं जुळत नाहीं, आणि त्याला मेज हवें होतें तें तज्ज्ञासाठीं नव्हे, सामान्य वापरणाऱ्यासाठीं. केडीई ज्या 'क्यूटी' नांवाच्या साहित्यावर उभारलें होतें तें त्या वेळीं पूर्णपणें मुक्त नव्हतें. म्हणून १९९७ मध्यें मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना या मेक्सिकोच्या दोघां तरुणांनीं ग्नोम आरंभिला. हेतु दोघांचाही चांगला; परंतु करणारे बहुतेक सर्व स्वतः निष्णात. आपल्या दुकानांतील कोणती फळी कोठें निसटते हें सुताराच्या पायास ठाऊक असतें. तो नकळत ती चुकवून चालतो, आणि पडतो तो गिऱ्हाईक. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें व आपल्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

२००१ मध्यें सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें ग्नोमपुढें सामान्य माणसें बसवून त्यांचें निरीक्षण केलें व आढळलेल्या अडचणी प्रसिद्ध केल्या. पुढल्या वर्षीं, २००२ मध्यें, निघालेल्या ग्नोम २.० मध्यें अनावश्यक पर्यायांची मोठी छाटणी झाली; एकेक पर्याय म्हणजे वापरणाऱ्याच्या डोक्यावर एकेक ओझें, हा विचार तेव्हां पुढें आला. पण मिळविलेली सफाई हातची जातेही. जानेवारी २००८ मध्यें केडीई ४.० अपुऱ्या अवस्थेंत बाहेर आलें व त्यावर बरीच टीका झाली. एप्रिल २०११ मध्यें ग्नोम ३ नें जुनें मेजच मोडून नवें मांडलें. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स पहिल्या वेळीं केडीई सोडून ग्नोमकडे गेले, आणि दुसऱ्या वेळीं ग्नोम सोडून एक्सएफसीईकडे! जुन्या ग्नोमची संवय असलेल्यांसाठीं अर्जेंटिनांतील एका वापरणाऱ्यानें त्याची प्रत घेऊन ती पुढें चालविली. त्या देशांतील आवडत्या पेयावरून तिचें नांव 'माटे' पडलें. मुक्तस्रोताचें बळ येथें दिसतें. कंपनीनें मेज बदललें तर आपण कुरकुर करितों. येथें जुन्या मेजाचा आराखडा हातीं असतो आणि कोणीही सुतार तें पुन्हां बनवूं शकतो.

बारीक कुसळें वेंचण्याचे उद्योगही याच काळांत सुरू झाले. २००९ मध्यें उबुंटूच्या मंडळींनीं अगदीं किरकोळ पण रोज टोंचणाऱ्या शंभर खोडी निवडून त्या दुरुस्त करण्याचा संकल्प केला. कागदाच्या कडेनें बोटास जी बारीक चीर पडते तिचें नांव त्यांनीं या खोडींस दिलें होतें. मला ती आमच्या घरच्या कुसळाची सख्खी बहीण वाटते. केडीईनें २०२२ मध्यें असें ठरविलें, कीं नव्या माणसास पहिल्या पंधरा मिनिटांतच ज्या चुका भेटतील, त्या आधीं काढावयाच्या. आज प्लाझ्मा पूर्वींपेक्षां पुष्कळ नितळ वाटतो, त्यांत या घासण्याचा वांटा आहे.

आतां आपल्या भाषेविषयीं दोन शब्द. राजुऱ्यासारख्या गांवांत, जेथें एका आळींत मराठी, तेलुगू, हिंदी व गोंडी कानांवर पडते, तेथें मेजाची भाषा हाही सफाईचाच भाग आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या परिवारांतून २००७ मध्यें निघालेल्या 'बॉस' या लिनक्समध्यें भारतीय भाषांची सोय मुख्य ठेविली गेली. पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांस एकसारखे प्रतिशब्द ठरविण्यासाठीं 'फ्युएल' हा उपक्रम २००८ मध्यें सुरू झाला. ग्नोम व केडीई यांचीं मराठी भाषांतरेंही स्वयंसेवकांनीं केलेलीं आहेत, आणि तें काम लहान नव्हे. तरी मीं भाषा मराठी निवडली तेव्हां एकाच खिडकींत तीन ओळी मराठी आणि चौथी इंग्रजी, असें अनेक ठिकाणीं दिसलें. मराठी 'ल' व 'श' यांचें वळण हिंदी वळणाहून निराळें. संगणकांत दोहोंचा संकेत एकच असतो, आणि भाषा ओळखून योग्य वळण दाखविणें हें अक्षरसंचाचें काम असतें. तें न झाल्यास वाचणारा अडत नाहीं; पण दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातल्यासारखें त्यास वाटत राहतें. येथें मात्र दोष परदेशांतील कारागिरांस देतां यावयाचा नाहीं. मराठी ओळी मराठी माणसानेंच लिहावयाच्या आहेत. ज्यास शुद्ध मराठी व थोडें इंग्रजी येतें, असा नववी-दहावीचा विद्यार्थी या कामास खचित हात लावूं शकेल.

मग चोहोंपैकीं श्रेष्ठ कोण? वाचकांस निकाल हवा असणार. मुलांस ग्नोम सोपा गेला, शिवणकाम करणाऱ्या बाईंस सिनॅमन, मला प्लाझ्मा आणि वडिलांस एक्सएफसीई. एकाच वस्तूबद्दल चार माणसांचे चार निकाल लागले, याचा अर्थ मेजाची सुलभता एकट्या मेजांत नसते; बसणाऱ्याची उंची मोजल्यावांचून ती ठरत नाहीं. तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांस संगणक मांडून देणाऱ्या मुलांस माझें एवढेंच सांगणें आहे : प्रथम त्यांस मुकाट्यानें बसून पाहा, त्यांच्या हातांतून माउस ओढून घेऊं नका, ते कोठें थबकतात तें कागदावर टिपा. तो कागद म्हणजे कुसळांची यादी. त्यांतील पुष्कळ तुम्हांस स्वतः काढतां येतील. उरतील तीं बनविणाऱ्यांस कळविण्याची सोय या सर्व डेस्कटॉपमध्यें आहे. आणि पालकांस विनंती अशी, कीं पडद्यावरून कांहीं नाहीसें झालें तर लपवूं नका, मुलांस सांगा. बहुधा कांहींही मोडलेलें नसतें. मेज अपुरें घासलेलें असतें, इतकेंच.

नाताळच्या दिवसांत नासरेथच्या सुताराच्या घराची आठवण आपल्या शाळेंत दरवर्षीं होते. यंदा ती होतांना मला आमच्या घरची पडवी दिसत होती. वडिलांच्या यंत्रावर आतां एक्सएफसीई आहे. पट्टी कुलूपबंद आहे, अक्षरें मोठीं आहेत, पडद्यावर चार चिन्हें आहेत. वाघ गेला, त्याच्या जागीं साधा हिरवा रंग आहे. शेजारी आतां वाहवा करीत नाहींत. पंचा पुन्हां खुंटीवर गेला आहे. परवां बल्लारपूरच्या एका गिऱ्हाइकासाठीं वडिलांनीं दारांच्या जोडीचें अंदाजपत्रक स्वतः करून छापलें आणि तें मला दाखवावयास आणलें. मीं तें वाचलें, बेरीज तपासली, बरोबर होती.

"कसं आहे मेज?" मीं विचारलें.

त्यांनीं थोडा विचार केला. "चालते," ते म्हणाले.

ते त्याला साजरें म्हणाले नाहींत, यांतच मला सर्व कांहीं मिळालें.